बारावा चिमटा

मी अण्णांची गाडी बोलतेय. मंगळवार होता. सकाळी साडेनऊला अण्णा नेहमीसारखे पोर्चमध्ये आले, मला सुरू केलं, दहा मिनिटं तापवलं, बंद केलं आणि रिक्षानं पेन्शनच्या कामाला गेले. तिकडं पार्किंग मिळत नाही म्हणून. मागच्या अंगणात त्यांच्या पत्नी बेबीताई कपडे वाळत घालत होत्या. "आज परत एक चिमटा कमी," असं त्या रोजच्यासारखं म्हणाल्या.

साडेअकराला फोन वाजला. अण्णा रांगेत उभे असताना खाली बसले होते, ते उठले नाहीत. हयातीचा दाखला द्यायला गेले होते.

दोरीवरचे कपडे त्या दिवशी कुणी काढले नाहीत.

माझा जन्म एकाहत्तर सालचा. पाटीवर अजून म्हैसूर राज्याचा नंबर आहे. पुढं राज्याचं नाव बदललं, पण तसं मला कुणी कळवलं नाही. अण्णा, म्हणजे मार्तंडराव, बेळगावच्या कोर्टात शिरस्तेदार होते. चिकोडीच्या एका वकिलांकडून त्यांनी मला घेतलं, तेव्हा मी सोळा वर्षांची होते आणि ते पस्तिशीचे. टिळकवाडीतल्या या पोर्चमध्ये आम्ही दोघं बरोबरीनं म्हातारे झालो.

गार इंजिनाला सुरुवातीला हवा कमी आणि पेट्रोल जास्त लागतं. त्यासाठी स्टिअरिंगखाली एक बटण असतं. ते ओढून ठेवायचं. त्याला चोक म्हणतात. माझ्या चोकची पकड सात वर्षांपूर्वी झिजली. ओढलेलं बटण सोडलं की हळूच आत सरकतं, हवा जास्त होते आणि मी कार्बोरेटरमधून फट् करते. अण्णांनी निपाणीहून नवी केबल आणली, कागदासकट माझ्या झाकणाच्या कप्प्यात ठेवली आणि "रविवारी बसवतो" म्हणाले. तोपर्यंत सोय म्हणून दोरीवरचा एक चिमटा आणून त्यांनी ओढलेल्या बटणाच्या मागं लावला. तो 'तोपर्यंत' सात वर्षं चालला. आयुष्यभर दुसऱ्यांना तारखा पडताना पाहिलेला माणूस स्वतःलाही तारीख देणारच.

मी तापले की ते चिमटा काढून डाव्या उघड्या खणात टाकायचे आणि मगच बेबीताईंना गाडीत बसायला हाक मारायचे. चिमट्याचं विचारलं की म्हणायचे, "कावळा नेत असेल."

तेराव्याला पाहुणे येणार म्हणून सूनबाई शाल्मलीनं मला आतून पुसलं. खणात तिला जुन्या पावत्या, आवळा सुपारी आणि एक चिमटा सापडला. पावत्या टाकल्या, सुपारी टाकली, चिमटा दोरीवर नेऊन लावला. दुसऱ्या दिवशी कपडे वाळत घालताना बेबीताईंनी चिमटे मोजले. बारा भरले. त्यांनी पुन्हा मोजले. मग रिकामी बादली उचलून आत गेल्या.

त्या दिवसापासून मी फट् करू लागले.

मुलगा श्रेयस पुण्याहून महिनाभराची रजा काढून आला होता. खानापूर रस्त्यावरच्या एका रिसॉर्टवाल्याशी त्यानं बोलणं करून ठेवलं. मला फाटकाशी उभी करायची, लोकांनी माझ्याबरोबर फोटो काढायचे. इंजिन काढून त्या जागी शेवंतीच्या कुंड्या.

"अरे, चालती गाडी आहे ती," बेबीताई म्हणाल्या.

"कुठं चालते, आई? पोर्चमधून बाहेर निघेना."

"दुरुस्त झाली तर?"

"तर राहू दे. पण रविवारी सकाळी त्यांचा ट्रक येतोय, सांगून ठेवतो."

बेबीताईंनी वाद घातला नाही. फक्त दुरुस्तीला येणाऱ्या प्रत्येकाला त्या दोनदा चहा द्यायला लागल्या.

आणि आले पुष्कळ. एकानं प्लग बदलले. दुसऱ्यानं प्लग बदलणाऱ्याची कीव केली आणि टायमिंग हलवलं. तिसऱ्यानं दोघांची कीव करून कार्बोरेटर उतरवला, धुतला, परत बसवला. चौथा म्हणाला की हल्लीचं पेट्रोलच तसं. समोरच्यांनी लिंबू-मिरची बांधली. कुणी मराठीत सांगे, कुणी कन्नडात, आणि निदान दोन्ही भाषांत सारखंच चुकत होतं. या भागात एवढं एकमत मी पहिल्यांदाच पाहिलं.

त्यांचं चुकत होतं ते एकाच ठिकाणी. दुखणं होतं गार असतानाचं आणि सगळे यायचे अकरानंतर. तोवर श्रेयसनं मला सुरू करून करून तापवलेलं असायचं. तापल्यावर मी गुणी. "बघा, झाली," असं म्हणून मंडळी चहा पिऊन जायची. बेबीताई समाधानानं कपबशा उचलायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फट्.

मला सगळं ठाऊक होतं. पण मला बोलायला तो एकच शब्द येतो आणि तोच त्यांना आजार वाटत होता.

शनिवारी सकाळी सातला उचगावचा मष्णू मिस्त्री आला. वय सत्तरीचं, गॅरेज कधीच मुलाकडं दिलेलं. आल्या आल्या त्यानं माझ्या बॉनेटवर तळवा ठेवला.

"कुणी सुरू केल्याली न्हाय न्हवं?"

"नाही. करू का?" श्रेयस म्हणाला.

"थांब रं. लई घाई हाय तुमच्या पिढीला."

त्यानं मला सुरू केलं. मी फट् केलं. त्यानं कार्बोरेटरच्या तोंडावर अर्धा तळवा धरला आणि माझं फट् थांबलं. हात काढला, पुन्हा फट्.

"हवा लई खातीया," तो म्हणाला.

"चोक ओढलाय मी," श्रेयस म्हणाला.

"वढलाय खरा. ऱ्हायलाय का बघ की."

मष्णू आत बसला. बटण ओढलं, सोडलं, आत जाताना पाहिलं. मग चष्मा कपाळावर सरकवून त्यानं बटणाच्या दांडीवर बोट फिरवलं. तिथं दोन बाजूंना दोन बारीक घासलेल्या खुणा होत्या.

"हितं अण्णा कायतरी लावत हुते. चापावानी. आक्का, तुमास्नी काय ठावं हाय?"

बेबीताई धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन दारात उभ्या होत्या. पंचवीस दिवसांत त्यांना काही विचारणारा हा पहिलाच माणूस. त्यांनी वाकून त्या खुणा पाहिल्या. मग मागच्या अंगणात गेल्या आणि एक चिमटा घेऊन आल्या.

"कावळा," त्या म्हणाल्या.

श्रेयसला काही कळलं नाही. मष्णूनं चिमटा लावला. मी सुरू झाले आणि सुरूच राहिले. पोर्चमध्ये दहा मिनिटं माझाच आवाज होता. मग श्रेयसनं आपणहून फोन काढला आणि ट्रक नको म्हणून सांगितलं.

मष्णूनं निघताना माझा कप्पा उघडून पाहिला. "ही काय नवी केबल. अर्ध्या तासाचं काम हाय आक्का, बसवून जाऊ का?"

"आज नको," बेबीताई म्हणाल्या.

मुलगा-सून पुण्याला परत गेली. बेबीताईंना गाडी चालवता येत नाही, पण सुरू करता येते. रोज साडेनऊला त्या येतात, चोक ओढतात, चिमटा लावतात आणि दहा मिनिटं शेजारच्या सीटवर बसतात. स्टिअरिंगची सीट मोकळी ठेवतात. मागं दोरीवर अकरा चिमटे असतात आणि त्याबद्दल त्या हल्ली कुरकुर करत नाहीत.

तुमच्या घरी कुणी माझ्या वयाचं असेल तर एवढंच सांगणं आहे. काय बिघडलंय ते पाहायला सकाळी लवकर या, अंग गार असताना. आणि हत्यारं काढण्याआधी घरातल्या बाईला विचारा.

केबल अजून कप्प्यात कागदातच आहे. ती बसवायची राहिली आहे.