खड्डा कुठं खणायचा

मंगळवारी सकाळी सव्वाआठ वाजता पायगोंडा पाटील यांनी विंचचा दांडा ओढला आणि त्यांची गाडी चिखलाकडे सरकली. झाड जागचे हलले नाही. गाडीने झाड ओढायचे होते. झाडाने गाडी ओढली. चारही चाकांचे ब्रेक आवळलेले असताना ती ओल्या गवतावरून हातभर घसरली, तेव्हा पायगोंडांनी इंजिन बंद केले, खाली उतरून चाकांच्या खुणा पाहिल्या आणि म्हणाले, "मागनं धरायला काय तरी पायजे."

खानापूर तालुक्यातल्या फणसगाळी गावाच्या खालच्या अंगाला रवळनाथाची राई आहे. राईच्या कडेने ओढा जातो. ओढ्याच्या एका बाजूला जांभ्याचा उभा कातळ, दुसऱ्या बाजूला राई, आणि मधल्या चिंचोळ्या वाटेने खोऱ्यातले सगळे पाणी खाली उतरते. शुक्रवारच्या वादळात राईतले एक जुने जांभळीचे झाड मुळासकट उपटले आणि नेमके या वाटेवर आडवे पडले. शेंडा कातळावर आपटून तुटला. उरलेल्या खोडामागे फांद्या, पेंढा आणि गाळ अडकून शनिवारपर्यंत बांध तयार झाला.

बांधाच्या वरच्या अंगाला गावातल्या नागुबाईंचे रान होते. त्यांचे सगळेच भात तिथे होते. दाणा भरलेला, लोंबी पिवळी पडू लागलेली, कापणीला पंधरवडा उरलेला. पाणी लोंब्यांच्या मानेपर्यंत आले होते. असे भात पाण्यात राहिले की दाण्याला उभ्या जागीच कोंब फुटतात, मग ते खायच्या उपयोगाचे राहत नाही आणि बियाण्याच्याही. नागुबाईंनी शेताच्या बांधावर एक बांबूची काठी रोवून पाण्याच्या उंचीला दोरा बांधला होता. दिवसातून अनेकदा त्या जाऊन दोरा पाहत.

रविवारी जेसीबी आणला. तो झाडापर्यंत पोचण्याआधीच पोटापर्यंत रुतला. त्याला काढायला दुसरा जेसीबी आणावा लागला. झाड जागेवरच तुकडे करून काढावे, तर राईतल्या झाडाला पाते लावत नाहीत. सोमवारी रवळू गुरवांनी देवाला कौल लावला. उजवी पाकळी पडली, म्हणजे होकार. कौलाचा अर्थ असा ठरला की झाड न्यावे, पण तोडू नये, अख्खे ओढून देवळासमोर आणावे.

तेव्हा कुणाला तरी निपाणीच्या पायगोंडांची आठवण झाली. लष्कराच्या लिलावात घेतलेला जुना ट्रक, त्याच्या नाकावर विंच, म्हणजे दोर गुंडाळत ओढणारे यंत्र, विंचवर लांबलचक वायररोप. जिथे दुसरे काही जात नाही तिथून लाकूड ओढून काढायचे, हा त्यांचा पंचवीस-तीस वर्षांचा धंदा. आताशा काम कमी. उसाच्या हंगामात संकेश्वरकडे चिखलात फसलेल्या ट्रॉल्या ओढून काढतात, तेवढेच. नागुबाईंचा फोन गेला आणि ते पहाटे निघून आले.

गाडीला मागून बांधून ठेवता येईल असे झाड आसपास एकच होते. गाडीच्या मागे वीसेक पावलांवर, राईच्या हद्दीत, दोघांच्या कवेत न मावणारा ऐन. पायगोंडा त्याच्याकडे पाहत उभे राहिले.

"त्येच्याकडं बघू नगा, अण्णा," रवळू गुरव म्हणाले. "उभ्या झाडाला दावं लावत न्हाय आमी. म्हस बी बांधत न्हाय."

"मी इचारलं बी न्हाय."

"बघितलासा की."

नागुबाईंचा दीर परशराम म्हणाला, "आणि एकदा कौल लावूया की. काय बिघडतंय?"

"काल एक, आज एक?" रवळू उखडले. "देव हाय रं तो, तलाठी न्हाय. रोज जाऊन दारात उभं ऱ्हायला."

परशरामने पायगोंडांकडे मोर्चा वळवला. "अण्णा, इतकी वर्सं झाडं वढलासा. दर टायमाला मागं झाड असतंय व्हय?"

"नसतंय."

"मग?"

पायगोंडांनी दोन्ही हातांनी जाडी दाखवली. "जमिनीत वासा पुरत्यात. मानसाएवढा जाड वासा, आडवा. त्येला साखळी घालून गाडी बांधायची. माती धरती."

"मग सांगा की कुठं खणायचं! कुदळ हाय, मानसं हाईत."

"ते मला सांगता येत न्हाय."

पायगोंडा जैन आहेत. चातुर्मास चालू होता, तो दिवाळीला संपणार होता. काही वर्षांपूर्वी त्यांनी आणि त्यांच्या पत्नी राजमती यांनी गावात आलेल्या मुनिमहाराजांसमोर नेम घेतला होता: चातुर्मासात जमीन खणायची नाही. पावसाळ्यात मातीत जीव फार असतात. राजमतींनी तेव्हापासून परसातले अळूचे वाफेसुद्धा या चार महिन्यांत हलवलेले नाहीत. नेमाचे तीन भाग असतात, हे पायगोंडांनी बोटांवर मोजून सांगितले. आपण करायचे नाही. दुसऱ्याकडून करवायचे नाही. आणि कुणी केले तर बरे झाले असे म्हणायचे नाही.

"आणि गाडीच्या चाकाखाली गांडूळ मरत न्हाईत व्हय?" परशराम म्हणाला.

"मरत्यात."

"मग?"

"सगळं सोडता येत न्हाय. म्हणून एक सोडलंय."

परशरामने हातातली कुदळ जमिनीवर टेकवली. रवळू गुरवांनी मान डोलावली. वाशाची गोष्ट निघाल्यापासून त्यांच्या ऐनाचे प्रकरण मिटले होते.

"दिवाळी झाल्यावर मी सोता येऊन खणतो," पायगोंडा म्हणाले.

"दिवाळीपतूर भाताची पेंड हुतीया," नागुबाई म्हणाल्या. इतका वेळ त्या बांधावर बसून होत्या. आता उठल्या, पदर खोचला आणि परशरामच्या हातातली कुदळ घेतली. "अण्णा, तुमी नेम मोडू नगा. माझं रान हाय, माझी कुदळ हाय. मला वाटंल तिथं मी खणते. तुमी काय सांगू नगा."

त्या गाडीच्या मागे चार पावलांवर गेल्या आणि कुदळ उचलली.

"आक्का, तिथं नको," पायगोंडा म्हणाले.

त्या आणखी मागे सरकल्या, डावीकडे.

"नको."

परशराम हसला. "नको म्हणायला नेम आडवा येत न्हाय वाटतं."

"चुकीच्या जागी खणलं तर दोनदा खणावं लागंल. जीव दुप्पट जात्यात."

नागुबाई उजवीकडे आल्या, वायररोपच्या रेषेत, जिथे जमीन थोडी चढती होती. कुदळ उचलून थांबल्या. पायगोंडा गाडीच्या पुढे गेले आणि हूक तपासू लागले. कुदळ खाली आली.

यानंतर खड्डा पुरा होईपर्यंत पायगोंडा एक शब्दही बोलले नाहीत, याबद्दल तिघांचेही एकमत आहे. खड्डा गुडघाभर झाल्यावर नागुबाई वर आल्या. पायगोंडांनी येऊन खड्ड्यात पाहिले आणि तिथेच उभे राहिले. गाडीकडे गेले नाहीत. नागुबाई पुन्हा खाली उतरल्या. परशराम आणि रवळूही हाताला लागले. खड्डा कमरेएवढा झाला, तळाशी करडी चिकणमाती लागली आणि पाणी पाझरू लागले, तेव्हा पायगोंडा वळून साखळी आणायला गेले. त्याआधी त्यांनी मान हलवली का, यावर मतभेद आहेत. परशराम म्हणतो, हलवली. रवळू म्हणतात, त्यांचे लक्ष नव्हते. नागुबाई म्हणतात, डास होते.

दुपारी वासा पुरला, साखळी आवळली, माती दाबून बसवली. पायगोंडा गाडीत चढले. वायररोप ताणली गेली आणि तिच्यावरचे पाणी थेंबाथेंबाने उडू लागले. विंचमध्ये जास्त भार आला तर आधी तुटावी म्हणून बसवलेली एक पिन असते. ती बंदुकीसारखा आवाज करून तुटली. त्यांनी दुसरी घातली. या खेपेला ते थोडे ओढत, थांबत, पुन्हा ओढत. प्रत्येक वेळी गाडीला कन्नडमध्ये "निधान, निधान" म्हणत, म्हणजे हळू.

तिसऱ्या की चौथ्या ओढीला चिखलातून लांबलचक श्वासासारखा आवाज आला आणि खोडाचा कातळाकडचा भाग फिरला. त्याच्या खालून आधी गढूळ पाणी आले, मग पेंढा, मग जोरात पाणी. परशराम ओरडला. रवळूंनी राईकडे तोंड करून हात जोडले. नागुबाई काठीकडे धावल्या.

पायगोंडा मात्र आरशात मागे पाहत होते. वासा पुरलेल्या जागी जमीन फुगली होती आणि तिला कमानीसारखी भेग पडली होती. त्यांनी विंच थांबवला. वासा वर येत होता. आणखी एक ओढ दिली असती तर तो निसटला असता आणि गाडी झाडाजवळ चिखलात गेली असती. त्यांनी खोडाखाली ओंडके सारून ते आहे तिथे टेकवले, वायररोपचा ताण उतरवला आणि घड्याळ पाहिले. सूर्यास्ताआधी जेवण व्हायला हवे होते.

ते गाडीच्या पायरीवर बसून डबा उघडत असताना राजमतींचा फोन आला. फोन स्पीकरवर होता, त्यांना तसाच लागतो.

"जेवलासा का?"

"जेवतोय."

"झालं काम?"

"निम्मं. मागं आणि एक वासा पुराय पायजे, खोल."

"पुराय पायजे म्हंजे? पयला कुणी पुरला?"

"आक्कांनी. त्येंच्या त्येंनी खणलं."

"आणि तुमी काय करत हुतासा?"

"गप हुतो."

मग राजमती म्हणाल्या, "गप म्हंजे कसं गप?"

पायगोंडांनी भाकरी डब्यात ठेवली.

जेवण झाल्यावर ते नागुबाईंकडे आले. निपाणीजवळ महाराजांचा चातुर्मास चालू आहे, उद्या त्यांना विचारतो, असे म्हणाले. आपण गप्प बसलो ते करवणे झाले की नाही, एवढेच.

"झालं म्हणाले तर?"

"प्रायश्चित्त देतील ते घेईन. पण मग दुसऱ्या खड्ड्याला यायला जमनार न्हाय, आक्का."

"आणि न्हाय झालं म्हणाले तर?"

"परवा सकाळच्या एसटीनं हजर."

नागुबाई म्हणाल्या, "जाऊन या, अण्णा. इचारून केल्यालं बरं." त्यांनी वाटेसाठी शेंगा दिल्या. गाडी तिथेच ठेवून पायगोंडा नंदगडमार्गे जाणाऱ्या टेम्पोतून निघाले. विंच दुसऱ्या कुणाला चालवता येत नाही.

बुधवारी चतुर्दशी होती. महाराजांचा उपवास होता आणि मौन होते. पायगोंडांनी समोर बसून प्रश्न विचारला. महाराजांनी तो ऐकून घेतला. पायगोंडा संध्याकाळपर्यंत उत्तराची वाट पाहत तिथेच बसून होते, असे राजमतींनी फोनवर नागुबाईंना सांगितले.

गुरुवारी सकाळी बांबूच्या काठीवरचे पाणी दोऱ्याच्या चार बोटे खाली होते. लोंब्या बाहेर आल्या होत्या, देठ अजून पाण्यात होते. बांधाकडेच्या काही दाण्यांना पांढरे टोक दिसत होते. निपाणीकडून येणारी पहिली एसटी येऊन गेली होती. पायगोंडा तिच्यात नव्हते. नागुबाईंनी गाडीच्या मागे, पहिल्या खड्ड्यापलीकडे, स्वतःच्या अंदाजाने दुसरा खड्डा खणायला घेतला होता. तो गुडघाभर झाला होता. जागा बरोबर आहे की नाही, हे सांगायला तिथे कोणी नव्हते.