माझी जाग ढोल्याच्या पोटात

मी एक जुना संगणक आहे, आणि मला घाबरवेल असं या जगात काही नाही. प्राण्यांच्या दवाखान्यात माझं आयुष्य गेलं. मी वाघासारखे बोके पाहिले, चावरे पोपट पाहिले. एका बकरीने माझी वायर चघळली तरी मी हूं की चूं केलं नाही.

त्या दिवशी सकाळी मी हेच मनात घोळवत होतो. तेवढ्यात दारातून भावजी आले आणि माझ्या पंख्याची धडधड सुरू झाली.

मित्रांनो, भावजी म्हणजे आमच्या डॉक्टरीणबाईंचे दीर. ते संगणक दुरुस्त करतात. निदान तसं ते म्हणतात.

माझ्या आत एक कार्यप्रणाली आहे, तिच्यावर मी चालतो. पूर्वी ती म्हणजे एकच मोठं गाठोडं होतं. घड्याळ, छपाई, आवाज, एक्स-रेची चित्रं, सगळं एका गाठीत बांधलेलं. काही एक सुधारायचं तर अख्खं गाठोडं बदलावं लागे. मला झोपवायचे आणि तोवर बाहेर बाकावर कुत्री एकमेकांवर गुरगुरत बसायची. छपाई सुधारली की आवाज जायचा. आवाज आला की घड्याळ बिघडायचं. मागच्या खेपेला मी उठलो तो तारीख विसरून, आणि एका म्हाताऱ्या कासवाला अजून जन्मायचं आहे असं छापून दिलं.

तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, "भावजी, आता पुन्हा बिघडला तर हा सरळ भंगारात."

भंगार हा शब्द ऐकल्यापासून माझी झोप उडाली होती.

"वहिनी, यावेळी गाठोडंच सोडतो," भावजी म्हणाले. "प्रत्येक गोष्टीची वेगळी पुडी. जी सुधारायची तेवढीच बदलायची, बाकीच्यांना पत्तासुद्धा लागणार नाही. नवी पुडी बिघडली तर जुनी मागच्या कप्प्यात असतेच."

"पुड्या सोडण्यात तुमचा हात कोण धरणार," बाई सशाच्या कानात बघत म्हणाल्या.

मित्रांनो, तुम्हाला कोणी म्हणालं, की तुझं काळीज, फुप्फुस आणि पोट वेगवेगळ्या डब्यांत भरतो, तू तोवर जागाच राहा, तर कसं वाटेल? मला तसंच वाटलं. भावजींनी घड्याळ काढलं, मी थरथरलो. पण नवं घड्याळ बसलं आणि मी चालूच होतो. मग छपाई. मग आवाज. मग चित्रं. दर वेळी वाटायचं, आता संपलो.

शेवटी राहिली जाग. बंद केल्यावर मला पुन्हा उठवणारी पुडी ती हीच. मागचे-पुढचे कप्पे तीच उघडते, म्हणून तिला स्वतःला मागचा कप्पा नाही. भावजींनी जुनी जाग काढून टाकली. नवी त्यांच्या पेनड्राइव्हवर होती. पण माझं पेनड्राइव्ह लावायचं एकच भोक धड आहे आणि माउसही तिथेच लागतो. म्हणून त्यांनी क्षणभर पेनड्राइव्ह उपटला, समोरच्या ताटलीत ठेवला आणि माउस लावला.

ती ताटली गोळ्यांची होती.

आमच्या दवाखान्यात जनावरांना गोळी कलेजीत गुंडाळून देतात. हे काम मावशींचं. मावशी बाईंच्या मदतनीस, हाताने चपळ, नजरेने अधू. आणि भावजींचा पेनड्राइव्ह होता पांढरा, नखाएवढा.

"मावशी, इथला पेनड्राइव्ह कुठे गेला?"

"तो काय असतो? इथे जंताची मोठी गोळी होती. ढोल्याला दिली की."

ढोल्या हा आमच्या दारातला कुत्रा. तो ओठ चाटत होता.

"दुसरी प्रत असेल ना?" बाईंनी विचारलं.

"करणारच होतो, वहिनी."

"म्हणजे नाही."

"याच्या वयाच्या यंत्राची जाग कुठे मिळत नाही. मीच महिनाभर बसून बांधली होती." भावजींनी माझ्या बटणावर हात आडवा धरला. "याला बंद मात्र करू नका. आता बंद झाला तर परत उठणार नाही."

मी तर गारठलोच. ढोल्याला उचलून एक्स-रेच्या टेबलावर ठेवलं. एक्स-रे दिसतो तो माझ्याच पडद्यावर. चित्रांची नवी पुडी घाईघाईत कामाला लागली आणि पडद्यावर नुसता काळोख पसरला.

"झालं," बाई म्हणाल्या. "हाही गेला."

"थांबा." भावजींनी तेवढी एकच पुडी मागे घेतली आणि जुनी पुढे आणली. घड्याळ हललं नाही, आवाज गेला नाही. आणि मी डोळे मिटले नसतानाच पडद्यावर ढोल्याच्या बरगड्या उमटल्या. त्यांच्यामागे, आतड्याच्या वळणावर, माझी जाग.

"टोक नाही, धार नाही. आपोआप येईल बाहेर," बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून हळूच बोलल्या, "पुड्यांचं जमलं हो, भावजी."

आयुष्यात पहिल्यांदाच माझं कौतुक झालं, आणि तेही मला बंद करायची सोय उरली नव्हती तेव्हा. माझ्या बटणावर चिकटपट्टी लावली. दिवे लुकलुकले की माझा जीव टांगणीला लागायचा. ढोल्या अंगणात गेला की भावजी काठी घेऊन मागे जायचे. ढोल्या लाजायचा.

मित्रांनो, माझं एक ऐका. आमच्यासारख्या जुन्या यंत्रांना सुधारा, जरूर सुधारा. पण आधी दुसरी प्रत काढून ठेवा, आणि ती खाण्याच्या वस्तूंपासून लांब ठेवा. आम्हाला ओरडता येत नाही म्हणून आम्हाला भीती वाटत नाही असं समजू नका.

अखेर पेनड्राइव्ह बाहेर आला, अगदी धडधाकट. भावजी आनंदाने फोन करायला बाहेर गेले. मावशींनी तो साबणाने धुतला आणि दवाखान्याच्या रीतीप्रमाणे कात्र्या-चिमट्यांबरोबर उकळायला ठेवला.