एन्डेव्हर म्हणजे चेष्टा

कौशिक सरांच्या इंग्रजी शब्दांच्या वर्गात एकच कायदा होता. शनिवारच्या चाचणीत तीन वाक्यं चुकली, की बॅग उचलायची आणि तळमजल्यावरच्या ‘फाउंडेशन’ तुकडीत जाऊन बसायचं. तिथे वर्षभर क्रियापदांची रूपं घोकायची. निबंध आणि उताऱ्यांचा सराव फक्त वर, तिसऱ्या मजल्यावर. दिल्लीच्या मुखर्जी नगरात असे क्लास गल्लोगल्ली आहेत आणि प्रत्येक सरांना आपला कायदा घटनेत असल्यासारखाच वाटतो.

द्वारका दोन महिन्यांपूर्वी सेनगावहून आली होती. शाळा मराठी, हिंदी तेवढी टीव्हीवरून आलेली. तिला खाली जायचं नव्हतं, म्हणजे नव्हतंच. तिचा चुलतभाऊ मारुती याच स्पर्धा परीक्षेच्या मुख्य फेरीपर्यंत पोचला होता. इंग्रजीचा सक्तीचा पेपर थोडक्यात हुकला आणि नियमाप्रमाणे त्याच्या बाकीच्या उत्तरपत्रिका कोणी तपासल्यासुद्धा नाहीत. सुवाच्य मराठीत लिहिलेलं सगळं तसंच पडून राहिलं. मारुतीदादा हा विषय काढत नाही. द्वारकाच्या मात्र तो आठवला की डोक्यात तिडीक जाते.

सरांची पद्धत झटपट होती. फळ्यावर इंग्रजी शब्द, शेजारी हिंदी अर्थ, की पुढचा शब्द. दिवसाला चाळीस. वाक्य मुलांनी रचायचं. डिक्शनरीला हात लावायचा नाही, “मेरे मीनिंग पे भरोसा रखो.” द्वारकाने ठेवला. काय बिघडलं ते त्या शनिवारी कळलं.

सरांनी तिचा पेपर घेतला आणि माइक तोंडाजवळ नेला. “एडिफाय. द जज एडिफाइड द थीफ फॉर सेव्हन इयर्स. यानी चोर सात साल ट्यूशन गया!” वर्ग हसला. “डिमर. द फ्लड वॉज अ ग्रेट डिमर फॉर अवर व्हिलेज. अच्छा! बाढ़ ने गाँव पे ऑब्जेक्शन उठाया!” आता मुलं बाकं बडवायला लागली. “और ये सुनो, एन्डेव्हर. द बॉइज एन्डेव्हर्ड द न्यू टीचर अँड ही क्राइड. लड़कों ने इतना प्रयास किया कि टीचर रो पड़ा!”

मग माइक खाली ठेवून ते गोड आवाजात म्हणाले, “द्वारका बेटा, बैग उठाओ. नीचे.”

द्वारकाचे कान लाल झाले होते. तिने वही उघडली. एडिफाय, शिक्षा देना. डिमर, आपत्ति. एन्डेव्हर, चेष्टा. फळ्यावरून जसंच्या तसं उतरवलेलं. ट्यूशन, ऑब्जेक्शन, प्रयास. म्हणजे सरांच्या हिंदीत शिक्षा हे शिक्षण, आपत्ति ही हरकत आणि चेष्टा हा प्रयत्न! तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तिच्या गावात शिक्षा झाली की माणूस तुरुंगात जातो. पूर येणं हीच आपत्ती असते. आणि चेष्टा म्हणजे काय, ते तर हे साठ जण आत्ता करून दाखवत होते.

ती उभी राहिली, पण बॅग न उचलता. “सर, ये तीन गलती नहीं हैं. एकच गलती है.”

“एकच!” मागून कोणीतरी नक्कल केली. ती थांबली नाही. तिन्ही शब्दांचे मराठी अर्थ तिने एका दमात सांगितले.

“ऐसा?” सर म्हणाले. “पूछ लेते हैं. यतीन, तुम भी तो मराठी हो. चेष्टा मतलब?”

यतीनचे वडील केंद्र सरकारात अधिकारी, घर लक्ष्मीबाई नगरात, जन्म दिल्लीचा. मराठी त्याच्याकडे आडनावापुरती उरली होती. तो चाचरत म्हणाला, “सर, कोशिश. आय थिंक.”

द्वारकाचं डोकंच फिरलं. ती सरळ मराठीत त्याच्यावर घसरली. “यतीन, तुझी आई बोलत असताना तू मुद्दाम तिची नक्कल केलीस, तर ती काय म्हणते रे?”

यतीनने मान खाजवली. मग त्याचा चेहरा बदलला आणि तो अगदी आईच्या सुरात बोलून गेला, “‘माझी चेष्टा पुरे हं आता!’” स्वतःच दचकून तो सरांकडे वळला. “सर, सही बोल रही है ये. मज़ाक. हमारे यहाँ चेष्टा मतलब मज़ाक उड़ाना.”

पण हार मानतील तर ते कौशिक सर कसले. “ठीक है. लेकिन एग्ज़ाम हॉल में यतीन की मम्मी नहीं आएगी. रूल इज रूल. नीचे जाओ, पहले हिंदी सीखो.”

इथे गुणी मुलगी मुकाट्याने जिना उतरते. द्वारका जागची हलली नाही. “पेपर हिंदी का नहीं है सर, अंग्रेजी का है. आप मतलब अंग्रेजी में बताओ, मैं यहीं खड़े-खड़े वाक्य बनाती हूँ. नहीं बना तो जाऊँगी.”

कोणी हसलं नाही. शेवटच्या बाकावरून केरळची एक मुलगी म्हणाली, “यस सर, इन इंग्लिश प्लीज.” आणखी दोघं-तिघं ‘यस सर’ म्हणाले.

सरांनी खडू उचलला. द्वारकाकडे रोखून पाहत त्यांनी मुद्दाम निवडून शब्द काढला आणि एकेक अक्षर दाबून फळ्यावर लिहिला. “ऑब्ड्युरेट. अ पर्सन हू विल नॉट चेंज हर माइंड, नो मॅटर व्हॉट यू से. बोलो.”

द्वारकाने व्याख्या मनात एकदा घोळवली. प्रत्येक शब्द कळत होता. तिने श्वास घेतला आणि सावकाश, मोठ्याने म्हणाली, “द टीचर टोल्ड द गर्ल टू गो डाउनस्टेअर्स, बट द गर्ल वॉज ऑब्ड्युरेट.”

आणि ती आपल्या जागेवर बसली. सरांनी वाक्यात चूक शोधली. सापडली नाही.