सुरीवरचा कण

सासूबाई मलमाची डबी पर्समध्ये टाकून बसने बहिणीकडे गेल्या, त्याला अर्धा तास झाला होता. सूनबाई भांडी घासायला वळली आणि तिच्या मनात पाल चुकचुकली. सकाळी मेण कापताना ‘टक्’ आवाज झाला होता का?

सासूबाईंचे ओठ बारा महिने फुटलेले. पण बाजारातलं मलम लावावं तर ओठ सुजून तोंड उघडेना. मधमाशीच्या मेणाशी त्यांच्या अंगाचं हाडवैर. सून घरीच साबण, मलमं करून विकायची. तिने सासूबाईंसाठी मुद्दाम एका वाळवंटी झुडपाचं मेण मागवलं होतं. अडचण एवढीच, की दोन्ही मेणांच्या वड्या पिवळ्या, आणि वाफेने दोन्हींवरच्या चिठ्ठ्या गळून पडलेल्या.

“ओळखायचं काय त्यात?” ती शेजारणीला ऐटीत सांगायची. “झुडपाचं काचेसारखं टक्कन तुटतं, मधमाशीचं सुरीला चिकटतं.”

सकाळी मात्र कान जाग्यावर नव्हते. “झालं का गं? बस काय माझ्यासाठी थांबणारेय?” असा सासूबाईंचा लकडा चालू होता आणि ही मनातल्या मनात एकास चार उत्तरं देत होती. तोंडातून एक शब्द काढला नाही, याचाच काय तो अभिमान!

आता तिने ओटा धुंडाळला. मेण कापायची फळी पुसून झालेली, मेणाचं पातेलं आधीच धुतलेलं. सुरीच्या मुठीपाशी खाचेत एक कण अडकला होता. तो तिने सेफ्टी पिनने काढला. झुडपाचा असेल तर चुरा होईल. “होऊ दे रे देवा,” म्हणत तिने चिमटीत दाबला.

कणाची मऊ गोळी झाली.

तिने फोन लावला. उचलेनात. परत लावला, नुसतीच रिंग. ती दारापर्यंत गेली, चपला घातल्या, काढल्या. ओठ सुजले असतील तर बोलणार तरी कशा? पाचव्यांदा फोन उचलला गेला.

“अगं, पर्सच्या तळाशी होता. घर पेटलंय का?”

“आई, ती डबी उघडू नका! लावलंत का?”

“का गं?”

“माझं चुकलं. मेण भलतंच पडलंय. मधमाशीचं. तुमच्यावर मनात चिडले होते, त्या नादात...”



“नाही लावलं,” सासूबाई म्हणाल्या. “माझ्यासाठी म्हणून कुणी काही केलंय कधी? म्हटलं, आधी ताईला दाखवीन, मग उघडीन.”



“परत आणा हं. फेकून देऊ, मी दुसरं करते.”

“दुसरं कर. ते लावीन. हे राहू दे माझ्याजवळ.” मग म्हणाल्या, “आणि चिडायचं तर तोंडावर चीड, बाई. निदान सुरीकडे लक्ष तरी राहील.”

सुनेने हसत डोळे पुसले. ओट्याशी जाऊन तिने दोन्ही वड्यांचे कोपरे मोडून पाहिले. ‘टक्’ वाजली त्या वडीवर खिळ्याने कोरून लिहिलं, ‘आई’.