तळघरातला नवा स्विच

पासवर्ड चुकीचा असल्याचं स्क्रीनने पुन्हा सांगितलं, तेव्हा ऑपरेटरताईंनी चष्मा पुसला आणि एकेक अक्षर जपून दाबत तोच पासवर्ड परत टाकला. टाइप करताना काहीच उमटत नव्हतं, साधा ठिपकासुद्धा नाही. सकाळी पासवर्ड ठरवतानाही असंच कोरं होतं. तेव्हाच कुठेतरी बोट घसरलं असणार.

रुग्णालयाच्या टेलिफोन बोर्डावर त्यांची हयात गेली होती. बोर्ड निघाला तेव्हा साहेबांनी आठवडाभराचं ट्रेनिंग देऊन त्यांना नेटवर्कच्या कामाला लावलं. स्विच म्हणजे दिव्याचाच ना, म्हणून घरी सून हसली होती. त्याही हसल्या होत्या. नाही म्हणायची सोय नव्हती.

तळघरातल्या लॅबचे सगळे कॉम्प्युटर आणि फोन ज्या पेटीला जोडलेले, तो स्विच काल जळाला. नवा स्विच त्यांनी आज एकटीने, लॅपटॉपला केबल लावून तयार केला. एकेक आज्ञा लिहिली, स्विचला नाव दिलं, पासवर्ड दिला, सेव्ह केलं, पेटी भिंतीवर चढवली. पण लॅबच्या जोडण्यांचे दिवे लागेनात. त्या चालू करायच्या राहूनच गेल्या होत्या. दोन शब्दांचं काम. पण ते लिहायला आत शिरायला हवं, आणि स्विच त्यांना दारात उभं करीना.

तळघरात मोबाइल लागत नसे. फाटकापर्यंत जाऊन त्यांनी इंजिनिअरला फोन केला. तो परगावी होता. सगळं पुसून पहिल्यापासून करावं लागेल, आता हात लावू नका, संध्याकाळपर्यंत पोचतो, म्हणाला. त्याने आवाज चढवला नाही, तेच त्यांना जास्त लागलं.

लॅबवाल्याने रिपोर्ट हाताने लिहायला घेतले. ताई ते घेऊन वॉर्डात पळू लागल्या. गुडघे बोलू लागले, पण खाली येईपर्यंत नवे कागद तयार असत. थिएटरबाहेर बाकावर एक आजोबा बसले होते. त्यांच्या बायकोचं ऑपरेशन रक्ताच्या रिपोर्टवर अडलं होतं. तो रिपोर्ट ताईंनी धापा टाकत सिस्टरच्या हातात दिला.

"ताई, सर्जन आत्ताच गेले," सिस्टर म्हणाली. "त्यांना दुसरीकडे केस होती. आता उद्या."

थोडं आधी आणला असता तर, असं ताईंनी विचारलं. सिस्टरने रिपोर्ट फाइलला लावला.

इंजिनिअर आला. त्याने एक बटण दाबून धरलं आणि ताईंनी सकाळपासून लिहिलेलं सगळं पुसलं गेलं. मग चहा निवायच्या आत त्याने सगळं नव्याने लिहिलं. दिवे लागले. पलीकडे लॅबचे फोन वाजू लागले.

"पासवर्ड काय ठेवू, ताई?"

"तुमचा तुम्ही ठेवा. मला सांगू नका."

त्याने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि टाइप करून टाकलं.

घरी जायची वेळ टळून गेली होती, तरी ताई जिना चढून वर गेल्या. आजोबा अजून बाकावरच होते. काय सांगायचं ते ताईंनी जिन्यात जुळवलं होतं; समोर गेल्यावर त्या बाकाशी नुसत्या उभ्या राहिल्या. आजोबांनी शेजारची पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"बसा," ते म्हणाले. "सकाळपासून बघतोय, कागद घेऊन नुसत्या धावताय. तुमचं कोण आहे आत?"

ताई बसल्या.