जरासा हललो

"काका, हा नेहमीचा सीटी स्कॅन नाही," टेक्निशियन बाई दंडातल्या सुईवर पट्टी चिकटवत म्हणाल्या. "एकाच जागेचे फोटो पुन्हा पुन्हा घेणार. औषध रक्तातून त्या गाठीत किती वेगानं शिरतं, ते बघायचंय. म्हणून अजिबात हलायचं नाही. अंग गरम होईल, खाली ओलं झाल्यासारखं वाटेल. होत काही नाही, नुसतं वाटतं."

"वाचलंय मी," असं म्हणालो आणि उगाच शहाणपणा केल्यासारखं वाटलं.

खरोखरच वाचलं होतं. प्रोस्टेटमधल्या गाठीला रक्त जास्त लागतं. काही महिन्यांच्या इंजेक्शनांनी ते कमी झालं असेल तर नुसत्या किरणांवर भागेल, नाहीतर ऑपरेशन. आमचं सगळं या फोटोंवर अडलं होतं.

बाई काचेपलीकडे गेल्या. टेबल सरकलं. औषध आलं ते घशातून, मग पोटातून, आणि मग खाली, अगदी कोमट. मला माहीत होतं की हे नुसतं वाटतं. पण गेले काही महिने मला कधीकधी खरंच आवरत नाही. इतरांना वाटत असेल. माझं खरंच झालं असेल तर? पांढरी चादर, त्या बाई, उठवायला येणारे लोक. मी मांड्या आवळल्या आणि कंबर जराशी उचलून अंदाज घेतला. कोरडं होतं.

"काका, हललात का?" स्पीकरमधून आवाज आला.

"नाही," मी म्हणालो. तोंडातून निघूनच गेलं.

"बरं. आतड्यात गॅस असला तरी सरकतं थोडं."

दुपारी रेडिओलॉजिस्ट बाईंनी आम्हा नवराबायकोला आत बोलावलं. पडद्यावर दोन चित्रं होती. जुन्यात एका कोपऱ्यात लालभडक ठिपका, नव्यात त्याच जागी निळसर हिरवं.

"रक्तपुरवठा बराच कमी दिसतोय," त्या म्हणाल्या. "सर्जनना तसं कळवते. सही संध्याकाळी करेन."

हिचा जीव भांड्यात पडला. खुर्चीतच तिनं माझा हात घट्ट धरला, चारचौघांत कधी धरत नाही तो. बाहेर येताच लेकीला फोन लावला. "ऑपरेशन टळलं गं! हो, बाबा इथेच आहेत. नेहमीसारखेच, मूग गिळून."

मी कॉरिडॉरच्या टोकापर्यंत गेलो, परत आलो. पाण्याच्या मशीनपाशी पेला भरला आणि न पिता ओतला. ठिपका निळा झाला होता की मीच त्याच्याखालून सरकलो होतो? टेक्निशियन बाईंना तर गॅस वाटला होता. मी गप्प राहिलो तर कुणालाच कळणार नव्हतं. त्या गाठीला मात्र काय ते ठाऊक होतं.

रेडिओलॉजिस्ट बाईंचं दार ठोठावलं. "या" म्हणेपर्यंत परत फिरायचा विचार दोनदा आला.

"डॉक्टर, मी हललो होतो. औषध आलं तेव्हा. जरासाच."

त्यांनी चष्मा लावला, एकेक फोटो पुढेमागे केला.

"हो. हे इथे. मला गॅस वाटला होता." त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. "म्हणजे मी शेजारचा भाग मोजला असेल."

"मग गाठीतलं रक्त कमी झालेलं नाही?"

"माहीत नाही, काका. झालंही असेल. पण यावरून मी सांगू शकत नाही. या औषधाचा किडनीवर ताण पडतो, म्हणून आधी रक्त तपासू आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा करू."

ही दारातच उभी होती. किती ऐकलं होतं कोण जाणे, सगळंच असावं. बाहेर बाकावर बसल्यावर तिनं सुरुवात केली.

"घरी पुस्तक घेऊन ओंडक्यासारखे पडून असता. बोंबाबोंब झाली तरी कूस बदलत नाही. आणि नेमकं तिथे?"

मी कारण सांगितलं. हळू आवाजात, बाजूला कुणी नाही ना ते बघून.

"पण तुम्ही वाचलं होतंत ना?"

"हो."

"मग?"

"खात्री करावीशी वाटली."

तिला हसू आलं आणि त्याच दमात डोळे भरले. पदरानं ते पुसून तिनं पिशवीतला माझा फोन माझ्या हातात ठेवला. "लेकीला तुम्ही सांगा. माझ्याच्यानं ते परत घेववणार नाही."

मला फोनवर बोलता येत नाही, कुणाशीच. तरी नंबर लावला. पहिलं वाक्य मनात जुळवतो आहे तोवर पलीकडून उचलला गेला.

"बाबा! तुम्ही स्वतः फोन केलात? आज काय काय बघायला मिळणार आहे!" ती हसत होती.

"ऐक," मी म्हणालो.