ईस्टरआधी सर्व्हर हलवला तेव्हा

ईस्टरच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी दुपारीच आमची नगरपालिका रिकामी होते. सगळे डोंगरातल्या आपापल्या लाकडी घरांकडे पळतात. म्हणूनच संगणक विभागातला माझा सहकारी तोर्गाइर म्हणाला, "ओशिल्ड, आजच हलवू सर्व्हर. कोणाला पत्ताही लागणार नाही." आम्ही शेजारच्या मोठ्या नगरपालिकेत विलीन झालेलो, औषधांच्या नोंदींचा सर्व्हर आमच्या जुन्या डोमेनमधून, म्हणजे जुन्या नेटवर्कमधून, काढून त्यांच्या डोमेनमध्ये घालायचा होता. म्हाताऱ्यांना सुट्टीतही गोळ्या लागतात, हे आम्हा दोन शहाण्यांच्या डोक्यातच आलं नाही!

मी सर्व्हर जुन्या डोमेनमधून काढला तोवर तोर्गाइर गाडीत संत्री आणि स्की घालून गेलाही होता. सर्व्हर पुन्हा सुरू झाला आणि मला आत घेईना. माझं खातं जुन्या डोमेनचं, ते आता तिथे चालत नव्हतं. उरलं सर्व्हरचं स्वतःचं खातं, आणि त्याचा पासवर्ड तोर्गाइरने नुकताच बदललेला. त्याचा फोन बंद. डोंगरात गेलं की फोन ड्रॉवरमध्ये, हा त्यांच्या घरचा नियम. आग लागो त्या नियमाला!

तेवढ्यात घरोघरी औषधं देणाऱ्या गुन्व्होरचा फोन आला.

"अगं, काय करून ठेवलंयस? तुझ्या बाबांकडे आहे मी. सकाळी रक्त तपासून डॉक्टरांनी रक्त पातळ करायच्या गोळीचं प्रमाण बदललंय. किती, ते तुझ्या त्या सर्व्हरच्या डब्यातच. डॉक्टर फोन उचलत नाहीत. कालच्याइतकीच देऊ?"

"थांब गं, हात जोडते!"

मागच्या वर्षी याच गोळीने बाबांच्या पोटात रक्तस्राव झाला होता. मागून त्यांचा आवाज आला, "बटणं बडवून काय होणार आहे!" माझ्या नोकरीला ते बटणं बडवणंच म्हणतात.

तोर्गाइरच्या डोंगराखालच्या दुकानदाराला फोन केला, चक्क रडले. तो बिचारा बर्फावरची स्कूटर काढून वर त्याला सांगायला गेला. मी खिडकी ते खुर्ची येरझाऱ्या घालत राहिले. गुन्व्होरची बाकीची घरं खोळंबली होती. ती तरी किती थांबणार?

शेवटी तोर्गाइरचा फोन. "कोण गेलं?"

"कोणी नाही अजून! पासवर्ड बोल!"

आत शिरले, सर्व्हर नव्या डोमेनमध्ये घातला, बाबांची नोंद उघडली. डॉक्टरांनी गोळी पूर्ण बंद केलेली.

"गुन्व्होर, दिलीस का गं?"

"कुठली देतेय! कंटाळून द्यायला गेले, तर तोंड घट्ट मिटून बसलेत. म्हणतात, आमच्या पोरीने सांगितल्याशिवाय उघडणार नाही."

"त्यांना दे फोन," मी म्हटलं.

"बाबा, आज गोळी नाही घ्यायची."

"बरं. मग कॉफी पिऊ का?"